युन यो-जंग : ऑस्करच्या आधीची ५५ वर्षं

२५ एप्रिल २०२१ रोजी लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनात ऑस्करचा ९३वा सोहळा झाला आणि ब्रॅड पिटने 'मिनारी' या अमेरिकी चित्रपटातल्या आजीच्या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री म्हणून युन यो-जंग यांचं नाव पुकारलं. त्यानंतरच्या बातम्यांचा सूर बहुतेक ठिकाणी एकच होता: कोरियातल्या ७३ वर्षांच्या आजीबाईंना उतारवयात हॉलिवूड पावलं. वाचायला गोड आहे, पण त्यात ५५ वर्षं गिळून टाकली आहेत. युनबाई १९६६ पासून कॅमेऱ्यासमोर आहेत. पहिल्याच चित्रपटासाठी, १९७१ साली, त्यांनी कोरियाच्या ब्लू ड्रॅगन पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळवला होता. पुढे अमेरिकेत संसार, घटस्फोट, परतल्यावर मिळेल ती भूमिका, आणि साठीच्या आसपास आयुष्यातलं सर्वांत धाडसी काम. अभिनय हे त्यांच्यासाठी आधी पोटाचं काम होतं, आणि हे त्या कधी लपवत नाहीत. पैशाची निकड असते तेव्हाच नट सर्वांत चांगलं काम करतो, असं त्यांनी कोरियन टीव्हीवर उघड सांगून टाकलंय. त्यांची कारकीर्द याच नजरेने पाहिली तर नीट उलगडते.

जन्म १९ जून १९४७, केसाँग शहरात. हे शहर तेव्हा ३८व्या अक्षांशाच्या दक्षिणेला होतं. युद्धानंतर १९५३च्या शस्त्रसंधीत उत्तरेकडे गेलं. म्हणजे त्यांचं जन्मगाव आज उत्तर कोरियात आहे आणि वाढल्या त्या सोलमध्ये. त्यांच्याबद्दल वाचताना वयाचा घोळ हमखास होतो. ऑस्करच्या वेळी इंग्रजी बातम्यांत ७३ आणि कोरियन बातम्यांत ७५ असं वय दिसतं. दोन्ही बरोबर. जन्मल्याबरोबर एक वर्ष धरायचं आणि दर १ जानेवारीला एक वाढवायचं, अशी कोरियात जुनी रीत होती. सरकारी व्यवहारातून ती जून २०२३ मध्ये गेली. त्यामुळे जुन्या लेखांतली वयं ताडून पाहायची असतील तर सरळ जन्मवर्षावरून मोजावं.

हानयांग विद्यापीठात कोरियन भाषा-साहित्य शिकत असताना त्यांनी एका टीव्ही वाहिनीवर फुटकळ काम धरलं: कार्यक्रमाला आलेल्या प्रेक्षकांना बक्षिसं नेऊन द्यायची. तिथेच कुणीतरी निवडचाचणीला बस असं सुचवलं आणि १९६६ मध्ये त्या टीबीसी या खासगी वाहिनीत नटी म्हणून लागल्या. शिक्षण अर्धवट सुटलं. त्या काळची भरतीची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. वाहिनी जाहीर परीक्षा घेऊन नवे चेहरे निवडायची, निवडलेल्यांच्या तुकडीला क्रमांक मिळायचा आणि कोण कोणाच्या आधीच्या तुकडीतला, यावर सेटवरचा मान ठरायचा. नाटकाचं शिक्षण नाही, घराण्याचा वारसा नाही, अशा मुलीला तेव्हा हाच दरवाजा उघडा होता. १९६९ मध्ये एमबीसीने टीव्ही प्रक्षेपण सुरू केलं आणि त्या तिकडे गेल्या. टीबीसी पुढे १९८० मध्ये लष्करी राजवटीने केबीएस या सरकारी वाहिनीत विलीन करून टाकली. त्या काळात टेप महाग होती, एका कार्यक्रमावर दुसरा चढवायची सवय होती, म्हणून साठ-सत्तरच्या दशकांतल्या कोरियन मालिकांचं फारच थोडं चित्रण उरलंय. तरुण युनबाईंचा अभिनय आज पाहायचा तर चित्रपटांकडेच जावं लागतं.

आणि चित्रपट साधेसुधे नाहीत.

१९७१: मोलकरीण आणि राणी

किम की-यंग हा दिग्दर्शक म्हणजे कोरियन सिनेमातलं वेगळंच प्रकरण. १९६० मध्ये त्याने 'द हाउसमेड' काढला: मध्यमवर्गीय घरात मोलकरीण येते, घरधन्याशी संबंध येतो आणि दुमजली घराचा जिना रणभूमी होतो. तीच कथा त्याने पुन्हा पुन्हा उकरली. १९७१चा 'वुमन ऑफ फायर' ही तिची दुसरी आवृत्ती, रंगीत, आणि तिच्यात मोलकरीण झाल्या युन यो-जंग. खेड्यातून आलेली म्यंग-जा कुक्कुटपालन करणाऱ्या घरात कामाला लागते. पगार नको, चांगल्या स्थळी लग्न लावून द्या, ही तिची अट. मालक संगीतकार, घर चालतं मालकिणीच्या कोंबड्यांवर. मग दारूच्या नशेतला अत्याचार, मालकिणीने करायला लावलेला गर्भपात, उंदराचं विष आणि कोंबड्यांचं खाद्य दळायचं यंत्र. रंगीत काचा, लाल प्रकाश, अचानक थांबणारं संगीत यांतून किम सगळं इतकं ताणतो की नवख्या नटीने थोडा जरी अतिरेक केला असता तरी हसू आलं असतं. युनबाई उलट करतात. चेहरा जवळजवळ कोरा ठेवतात, वाक्य सपाट टाकतात आणि डोळे फक्त गरजेपुरते हलवतात. ही मुलगी भोळी आहे की हिशेबी, हे शेवटपर्यंत कळत नाही. पन्नास वर्षांनी 'मिनारी'त जे लोकांना आवडलं, त्यातली अर्धी युक्ती इथे आहे. या भूमिकेने त्यांना ब्लू ड्रॅगनबरोबर स्पेनच्या सिट्जेस महोत्सवाचाही अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवून दिला.

पुढच्याच वर्षी किमबरोबर 'इन्सेक्ट वुमन'. बायको आणि ठेवलेली बाई नवऱ्याला वेळापत्रक करून वाटून घेतात, असा मामला. काचेच्या टेबलावर रंगीबेरंगी गोळ्या पसरलेला त्यातला प्रसंग एकदा पाहिला की विसरता येत नाही. एक सावधगिरी: याच इंग्रजी नावाचा १९६३चा जपानी चित्रपटही आहे. शोधताना वर्ष बघा, नाहीतर भलताच सिनेमा हाती येईल. तसंच किमने १९८२ मध्ये 'वुमन ऑफ फायर ८२' काढला, त्यात युनबाई नाहीत.

त्याच १९७१ मध्ये एमबीसीवर त्या जांग ही-बिन झाल्या. जोसन घराण्याच्या राजा सुकजोंगची ही उपपत्नी राणीपदाला पोचली, पदच्युत झाली आणि १७०१ मध्ये तिला विष देऊन मारलं गेलं. कोरियन टीव्हीवरच्या कजाग बायकांची ती आद्यदेवता. दर दशकाला कुणीतरी नटी तिला साकारते. युनबाईंची ही-बिन लोकांच्या इतकी डोक्यात गेली की त्यांच्या शीतपेयाच्या जाहिरातीच्या पोस्टरवरचे डोळे फोडले जात. खलनायिकेला यश मिळालं की जाहिरातदार पळतो, हा त्या काळचा नियमच होता.

हे सगळं असताना १९७४ च्या सुमारास त्यांनी गायक जो यंग-नाम यांच्याशी लग्न केलं आणि नवऱ्यामागे अमेरिकेत, फ्लोरिडाला गेल्या. दोन मुलगे झाले. ऐन भरातली कारकीर्द तिथे थांबली. १९८४ मध्ये त्या कोरियात परतल्या, १९८७ मध्ये घटस्फोट झाला आणि मुलांची जबाबदारी त्यांच्यावर आली. अमेरिकेत असताना त्यांनी सुपरमार्केटमध्ये गल्ल्यावर काम केलं होतं, ताशी २.७५ डॉलरवर. मायदेशी उभं राहणं जमत नाही असं वाटल्यावर तिथेच परत जावं, असाही विचार त्यांच्या मनात होता.

परतल्यावर

पुनरागमनात दोन गोष्टी आड आल्या. पहिली घटस्फोट. ऐंशीच्या दशकातल्या कोरियात घटस्फोटित नटी टीव्हीवर दिसली की प्रेक्षक वाहिनीकडे तक्रार करत. संसार टिकवता न आलेली बाई पडद्यावर आदर्श आई कशी, असा सवाल. दुसरी गोष्ट आवाज. तो घोगरा, थोडा खरखरीत. गोड आवाजाच्या नायिका आणि सोशिक आया यांच्या बाजारात तो बसत नव्हता, आणि त्याबद्दलही लोक नावं ठेवत. आज त्याच आवाजावर जग फिदा आहे, हा भाग वेगळा.

मग त्यांनी येईल ती भूमिका घेतली. लहान, मोठी, एका प्रसंगाची. कोरियन मालिकेत नटाला पैसे भागागणिक मिळतात, तेव्हा दोन मुलांच्या आईला भागांची संख्या महत्त्वाची. यातूनच त्या पटकथाकार किम सू-ह्यन यांच्या कौटुंबिक मालिकांत रुळल्या. या लेखिकेकडे काम करणं म्हणजे परीक्षाच. संवाद लांब, वेगात एकमेकांवर आदळणारे, आणि पदरचा एक शब्द घातलेला तिला खपत नाही. कोरियन मालिकांचा एरवीचा आजार उलटा असतो: चित्रीकरण प्रक्षेपणाच्या जेमतेम पुढे धावत असतं, लेखकाकडून पानं तुकड्या-तुकड्यांनी सेटवर येतात, कधी त्याच दिवशी. नटाला पाठांतराला वेळ नाही, दिग्दर्शकाला दुसरा टेक परवडत नाही. या दोन्ही टोकांत काही दशकं काढलेल्या नटीचं अंग कसं तयार होतं ते पाहा. संवाद पाठ असणं ही किमान पात्रता. पहिल्याच टेकमध्ये भाव सापडला पाहिजे. समोरचा चुकला तरी आपण थांबायचं नाही. पुढे स्वतंत्र सिनेमाच्या गरिबीत त्यांना हीच शिदोरी पुरली.

'सारांगी म्वोगिल्ले', म्हणजे इंग्रजीत 'व्हॉट इज लव्ह', ही किम सू-ह्यन यांची मालिका नोव्हेंबर १९९१ ते मे १९९२ एमबीसीवर चालली. सरासरी प्रेक्षकसंख्या ५९.६ टक्के. हा आकडा आज कुठल्याही वाहिनीला स्वप्नातही दिसणार नाही. एक घर बापाच्या धाकाखालचं, दुसरं मोकळंढाकळं. त्या दुसऱ्या घरातल्या मुलीची आई युनबाईंनी केली. १९९७ मध्ये ही मालिका चीनच्या सरकारी वाहिनीवर लागली आणि तिथून ज्याला पुढे कोरियन लाट म्हणू लागले तिची सुरुवात मानतात. थोडक्यात, आज आपण ज्या लाटेवर स्वार होऊन या बाईंपर्यंत पोचलो, तिच्या पहिल्या उसळीत त्या स्वतः होत्या. नंतर 'मेन ऑफ द बाथ हाउस' (१९९५-९६) वगैरे आल्या. यातलं बरंच काम ठरावीक साच्यातलं आहे. सगळं पाहायची गरज नाही, आणि सबटायटलसह सहज मिळतही नाही.

सासूने दार उघडलं

चित्रपटांत त्यांना खऱ्या अर्थाने परत आणलं इम सांग-सू या दिग्दर्शकाने. २००३चा 'अ गुड लॉयर्स वाइफ' व्हेनिस चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता. त्यात नवरा यकृताच्या आजाराने मरणाच्या दारात असताना सासूबाई शांतपणे सांगतात की मला दुसरा माणूस भेटलाय. कोरियन पडद्यावरच्या सासूने असं बोलायचं नसतं. मोठ्या आवाजात, बंडाच्या आविर्भावात म्हटलं असतं तर प्रसंग फुकट गेला असता. त्या भाजीचा भाव सांगावा तसं सांगतात, आणि तिथेच तो जिंकतात. छप्पन्नाव्या वर्षी त्यांना आपली नवी जागा सापडली: म्हातारपणातली इच्छा, लाज न बाळगता.

इम सांग-सूने २०१० मध्ये 'द हाउसमेड' पुन्हा काढला. मोलकरीण झाली जॉन दो-यॉन, आणि युनबाई तिच्यावरची जुनी, मुरलेली हाउसकीपर. जी नटी १९७१ मध्ये मोलकरीण होती तीच आता नव्या मोलकरणीला सगळं बघत, सगळं ओळखत उभी. चित्रपट मला अर्धाच जमलेला वाटतो; श्रीमंती दाखवण्याची हौस कथेला खाते. पण स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या वाइन पिणारी, मालकांसमोर वाकणारी आणि पाठ फिरताच तोंड वाकडं करणारी ही बाई बघायला तो पाहावाच. त्या वर्षीचा ब्लू ड्रॅगनचा सहायक अभिनेत्री पुरस्कार तिलाच मिळाला. पहिल्या आणि या पुरस्कारात ३९ वर्षांचं अंतर.

दरम्यान दिग्दर्शक हाँग सांग-सू भेटला. त्याची पद्धत प्रसिद्ध आहे: सकाळी उठून त्या दिवसाचे प्रसंग लिहायचे, नटांच्या हातात कागद द्यायचे आणि दिवसभर लांबलचक, न कापलेले शॉट घ्यायचे. लहान गट, लहान पैसा, मोठा धीर. मालिकांच्या तुकड्या-पानांवर वाढलेल्या नटीला यात नवं काहीच नव्हतं. 'हा हा हा' (२०१०) मध्ये त्या समुद्रकाठच्या टोंगयंग गावात खाणावळ चालवणारी आई आहेत. 'इन अनदर कंट्री', 'हिल ऑफ फ्रीडम', 'राइट नाऊ, राँग देन' यांतही लहान कामं आहेत, पाच-दहा मिनिटांची. ती शोधत पूर्ण चित्रपट पाहायचा की नाही, हे हाँगची चाल तुम्हाला किती मानवते यावर आहे.

२०१२ हे एकच वर्ष घ्या. केबीएसवर शनिवार-रविवारची 'माय हजबंड गॉट अ फॅमिली', ५८ भाग, त्यात त्या सासू. एमबीसीवर २० भागांची 'द किंग टू हार्ट्स', त्यात राजमाता. मे महिन्यात फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत दोन कोरियन चित्रपट, इम सांग-सूचा 'द टेस्ट ऑफ मनी' आणि हाँगचा 'इन अनदर कंट्री', आणि दोन्हींत त्या. 'टेस्ट ऑफ मनी'त तर उद्योगपती घराण्याची निर्दय मालकीण, तरुण सेक्रेटरीवर जबरदस्ती करणारी. एकीकडे घराघरांत जेवणाच्या वेळी लागणारी सासू, दुसरीकडे हे. वय ६५. साठीनंतर पटकथेपेक्षा माणसं पाहून काम घ्यायचं, ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांनी काहीही सांगितलं तरी करायचं, असा नियम त्यांनी केला होता. जगायला पुरेसं कमावून झाल्यावरची ही आपली चैन, असं त्या म्हणतात.

बॅकस बाई

युनबाईंचं सर्वोत्तम काम कोणतं, असं विचारलं तर माझं उत्तर 'मिनारी' नाही. 'द बॅकस लेडी' (२०१६), दिग्दर्शक ई जे-यंग.

याची पार्श्वभूमी माहीत नसेल तर चित्रपट अर्धाच कळतो. बॅकस हे कोरियात साठच्या दशकापासून मिळणारं शक्तिवर्धक पेय, तपकिरी काचेच्या लहान बाटलीत. सोलच्या जोंगनो भागात तापगोल उद्यान आणि जोंगम्यो देवळाचा परिसर ही म्हाताऱ्या पुरुषांची बैठक. ६५ वर्षांवरील लोकांना सोलच्या भुयारी रेल्वेचं तिकीट लागत नाही, म्हणून लांबलांबून माणसं दिवस घालवायला इथे येतात. तिथे पिशवीत बाटल्या घेऊन फिरणाऱ्या वयस्क बायका पेय विकण्याच्या निमित्ताने देहविक्रय करतात. हे घडतं याचं कारण आकड्यांत आहे. कोरियाची राष्ट्रीय पेन्शन योजना १९८८ मध्ये सुरू झाली आणि सगळ्यांपर्यंत पोचायला १९९९ उजाडलं. २०१६ मध्ये सत्तरीत असलेल्या माणसाने तिच्यात फार थोडी वर्षं पैसे भरलेले असणार. घरकाम आणि हंगामी काम केलेल्या बाईने बहुधा काहीच नाही. मुलं सांभाळतील हा जुना करार तोवर मोडला होता. श्रीमंत देशांच्या गटात म्हाताऱ्यांची गरिबी सर्वांत जास्त असलेल्यांत कोरिया म्हणूनच येतो.

युनबाईंची सो-यंग ही अशी पासष्टीची बाई. तरुणपणी अमेरिकी लष्करी छावणीच्या वस्तीत काम केलेली. चित्रपट दवाखान्यात सुरू होतो: तिला परम्याची लागण झालीय आणि डॉक्टर औषध लिहून देतो. तिथेच फिलिपिनो आई आणि कोरियन बाप यांच्यात अडकलेलं एक पोर तिच्या गळ्यात पडतं. तिची घरमालकीण तृतीयपंथी गायिका, शेजारी एक पाय नसलेला खेळण्यांचा कारागीर. पुढे जुनी गिऱ्हाइकं वेगळंच मागणं घेऊन येतात: आम्हाला मरायला मदत कर. एकाला अर्धांगवायू झालाय, दुसऱ्याची स्मृती चाललीय, तिसऱ्याचं कुणी उरलेलं नाही.

असा विषय रडका करणं सगळ्यांत सोपं. युनबाईंनी काय टाळलंय त्यावर लक्ष ठेवा. उद्यानात गिऱ्हाइकाशी बोलताना सो-यंग लाडिक होत नाही. विक्रेती जशी मालाबद्दल विचारते तसं विचारते आणि नकार आला तर पाऊल न अडखळता पुढे जाते. चालण्यात थकवा आहे पण पाठ ताठ. माहितीपट काढायला आलेल्या पोराला ती प्रवचन देत नाही, टाळते. आणि मरण मागणाऱ्यांसमोर ती दयाळू दिसण्याचा प्रयत्नच करत नाही. घाबरते, चिडते, मग कामाला लागते. हा अभिनय एखाद्या हातकामासारखा आहे, कुठे टाका दिसत नाही. मॉन्ट्रिऑलच्या फँटेशिया महोत्सवाने तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं आणि आशिया पॅसिफिक स्क्रीन पुरस्कारांत ज्युरींचा विशेष मान मिळाला. चित्रपट कौटुंबिक नाही, हे सांगायला नकोच.

त्याच वर्षी टीव्हीएनवर नो ही-क्यंग यांची 'डिअर माय फ्रेंड्स' आली, १६ भाग. किम हे-जा, ना मून-ही, गो दू-शिम अशा कोरियातल्या बड्या ज्येष्ठ नट्या एकत्र. युनबाई त्यात अविवाहित, सगळ्यांना पैसे पुरवणारी, शिक्षणाची आस असलेली चुंग-नाम. मालिका पहिल्या दोन भागांत गोंगाटी वाटते. तिसऱ्यापर्यंत धीर धरा.

तरुण कोरियन प्रेक्षक मात्र त्यांना यापैकी कशामुळे नव्हे, तर स्वयंपाकघरामुळे ओळखतात. निर्माता ना यंग-सोकच्या 'युन्स किचन'चं पहिलं पर्व २०१७ मध्ये इंडोनेशियातल्या गिली त्रावांगन बेटावर झालं. नटांनी परदेशात लहानसं कोरियन उपाहारगृह चालवायचं. पदार्थ मोजकेच, मुख्य बुलगोगी, म्हणजे मसाल्यात मुरवून भाजलेलं मांस. किनाऱ्यावरची बांधकामं हटवण्याच्या मोहिमेत त्यांचं दुकान उघडल्यावर लगेच पाडलं गेलं आणि दुसऱ्या जागी पुन्हा मांडामांड करावी लागली. दुसरं पर्व २०१८ मध्ये स्पेनच्या तेनेरिफे बेटावरच्या गाराचिकोत, तिथे बिबिंबाप, म्हणजे भाज्या घालून कालवलेला भात. कढईसमोर भांबावणारी, मग स्वतःलाच दटावून कामाला लागणारी, इंग्रजीत गिऱ्हाइकांशी सहज गप्पा मारणारी युनबाई इथे दिसते. ते इंग्रजी फ्लोरिडातलं. ऑस्करच्या मंचावर जे विनोद जगाने ऐकले त्यांचा सराव असा.

मिनारी

ली आयझॅक चंगची पटकथा त्यांच्याकडे मैत्रीण आणि निर्माती इन-आ ली हिने आणली. चित्रपट चंगच्या बालपणावर बेतलेला: १९८०च्या दशकातलं अमेरिकेतलं अर्कान्सा राज्य, चाकांवरच्या घरात राहणारं कोरियन कुटुंब, शेतीची हाव धरलेला बाप, कोंबडीची पिल्लं नर-मादी वेगळी करण्याचं काम करणारे आई-वडील, आणि मुलं सांभाळायला कोरियाहून आलेली आजी सून-जा. चित्रीकरण २०१९च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमातल्या टल्सा परिसरात, २५ दिवसांत, साधारण २० लाख डॉलरमध्ये. हॉलिवूडच्या मानाने ही रक्कम किरकोळ. वातानुकूलन नीट नाही, उकाडा भयंकर. युनबाई आणि मुलीचं काम करणारी हान ये-री एका भाड्याच्या घरात राहत. तिथेच संध्याकाळी सगळे जेवायला जमत आणि इंग्रजीतून उतरवलेले संवाद घासूनपुसून बोलण्यासारखे कोरियन करत. मूळ पटकथा इंग्रजीत असल्याने हे काम अटळ होतं, आणि पडद्यावर आजीच्या तोंडचं वाक्य कुठेही पुस्तकी वाटत नाही त्याचं श्रेय या बैठकींना आहे.

त्यांनी दिग्दर्शकाला आधीच विचारलं: तुझ्या आजीची नक्कल करू का? तो नाही म्हणाला, आणि त्यांनी काम घेतलं. परिणाम पाहा. सून-जा मिरचीपूड, सुकी मासळी, कडू काढा आणि मिनारी या कोरियन पालेभाजीचं बी घेऊन येते, पण तिला पाव-बिस्किटं भाजता येत नाहीत, ती शिव्या देते, पत्त्यांत नातवाला हरवते आणि कुस्त्या बघते. नातू तिला खरी आजी मानायला तयार नाही. पहिल्या तासात सून-जा नातवावर प्रेम करतेय असं युनबाई कुठेही अभिनयाने सांगत नाहीत. फक्त त्याच्या बाजूला असतात. म्हणून नंतर आजारात त्यांचं अर्धं शरीर आणि बोलणं जातं तेव्हा भार आपल्यावर पडतो. तिथेही चेहऱ्याची ओढाताण नाही. उरलेल्या अर्ध्या अंगाने काहीतरी उपयोगाचं करण्याची धडपड आहे, आणि तीच संकट ओढवते.

पुरस्कारांचा हिशेब घालताना लोक चुकतात म्हणून नोंदवतो. 'मिनारी' अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जानेवारी २०२० ला दाखवला गेला आणि तिथे ज्युरींचा मुख्य व प्रेक्षकांचा, दोन्ही पुरस्कार मिळाले. प्रदर्शन २०२१चं, म्हणून दोन्ही वर्षं लिहिलेली आढळतात. चित्रपट अमेरिकन आहे. तरीही निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीत नसल्याने गोल्डन ग्लोबने त्याला परभाषा विभागात टाकलं, तिथे तो जिंकला, पण युनबाईंना तिथे नामांकनही नव्हतं. स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड, बाफ्टा आणि ऑस्कर त्यांनी ओळीने घेतले. बाफ्टात, म्हणजे ब्रिटिश चित्रपट पुरस्कारांत, त्या इंग्रजांना शिष्ट म्हणाल्या आणि ऐकणारे खदखदून हसले. ऑस्करात दोन मुलांना उद्देशून म्हणाल्या की तुम्हीच मला कामाला धाडलंत, आणि पहिला दिग्दर्शक किम की-यंग याची आठवण काढली. तो १९९८ मध्ये घराला लागलेल्या आगीत पत्नीसह गेला. अभिनयाचं ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कोरियन, आणि आशियाई स्त्रियांत १९५८ च्या मियोशी उमेकीनंतर दुसऱ्या. पुढल्या वर्षी पुरस्कार द्यायला त्या मंचावर आल्या तेव्हा कर्णबधिर अभिनेता ट्रॉय कॉत्सरचं नाव त्यांनी खुणांची भाषा वापरत जाहीर केलं आणि त्याला दोन्ही हातांनी बोलता यावं म्हणून त्याची बाहुली स्वतः धरून उभ्या राहिल्या. कोरिया सरकारने २०२१ मध्ये त्यांना सांस्कृतिक सेवेचा सर्वोच्च, सुवर्णमुकुट सन्मान दिला.

नंतरच्या कामांत 'पाचिंको' ही मालिका महत्त्वाची: ॲपल टीव्ही (तेव्हा ॲपल टीव्ही प्लस), पहिलं पर्व मार्च २०२२, दुसरं ऑगस्ट २०२४, दोन्ही आठ-आठ भागांची. सुंजा ही जपानात स्थायिक झालेली कोरियन बाई तीन नट्यांनी साकारली आहे. म्हातारी, १९८९च्या ओसाकातली, युनबाईंची. डबिंग लावू नका. कोरियन संवादांची सबटायटलं पिवळी आणि जपानी संवादांची निळी आहेत, आणि एकाच वाक्यात सुंजा या भाषेतून त्या भाषेत कधी सरकते हे त्या रंगांवरून कळतं. डब केलं की हा सगळा खेळ मरतो. सुंजा बुसानकडची, म्हणून तिची कोरियनही त्या बाजूची. २०१८च्या 'कीज टू द हार्ट'मध्ये त्या भागातली बोली आपल्याला जमली नाही, अशी कबुली त्यांनी स्वतःहून दिली होती, तेव्हा सत्तरीत पुन्हा तिथेच हात घालणं हे धाडसच. जपानी संवाद तर नव्याने पाठ केलेले. पहिल्या पर्वात टोकियोतल्या एका म्हाताऱ्या कोरियन बाईच्या घरी त्या भाताचा घास घेतात आणि तांदूळ आपल्या देशातला आहे हे ओळखतात. संवाद जेमतेम, चघळण्याचा वेग तेवढा बदलतो.

कुठून सुरू करायचं? 'मिनारी' आधी, कारण तो सहज मिळतो आणि दोन तासांत आटोपतो. मग किम की-यंगचा १९६०चा मूळ 'हाउसमेड'. कोरियन फिल्म अर्काइव्हच्या यूट्यूब वाहिनीवर तो इंग्रजी सबटायटलसह फुकट आहे. त्यात युनबाई नाहीत, पण तो पाहिल्याशिवाय 'वुमन ऑफ फायर' आणि २०१०ची आवृत्ती यांतली गंमत कळत नाही. त्या तिन्ही ओळीने झाल्या की 'बॅकस लेडी'. 'पाचिंको' सर्वांत शेवटी, कारण तिच्यात त्या कमी वेळ दिसतात आणि तरुण सुंजा झालेली किम मिन-हा बराच भाव खाऊन जाते. शोधताना नाव इंग्रजीत आडनाव आधी आणि आडनाव नंतर, दोन्ही प्रकारे टाकून बघा. कोरियन यादी एक क्रम वापरते, अमेरिकी दुसरा. २०१५च्या 'सेन्स८' मध्ये कोरियन अभिनेत्री बे दू-नाच्या तुरुंगातली सोबतीण म्हणून त्या आहेत, पण त्यासाठी पूर्ण मालिका पाहण्याची गरज नाही. २०२५चा 'द वेडिंग बँक्वेट' मात्र चुकवू नका: आँग लीच्या १९९३च्या चित्रपटाची नवी मांडणी, दिग्दर्शक अँड्र्यू आन. त्यांना आधी नायकाच्या आईचं काम देऊ केलं होतं. पोरगा विशीतला आहे, मी त्याची आई शोभत नाही, आजी करा, असं त्यांनीच सांगितलं, आणि पटकथा तशी बदलली गेली.